थकव्याची गोळी आणि दुधाची वाटी

"तुम्ही कसली गोळी घेतां?" हा प्रश्न अलीकडे आमच्या सावद्यांत कुशलप्रश्नाच्या जागीं आला आहे. केळीचे घड वाहणारा मजूर, बँकेंतील कारकून, शाळेंतील शिक्षिका, सर्वांचें गाऱ्हाणें एकच : दिवस मावळेपर्यंत अंगांत त्राण राहत नाहीं. उपायहि एकच : औषधांच्या दुकानांतून जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची पट्टी आणावयाची. या उपायाला आधार कितपत आहे, याचा विचार करण्याचा प्रसंग आमच्याच घरीं आला, म्हणून हे चार शब्द वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमची थोरली सूनबाई शाळेंत शिकविते आणि घरचेंहि पाहते. गेल्या वर्षीं जिना चढतांना तिला धाप लागूं लागली. शेजारणीच्या सांगण्यावरून तिनें गोळ्या सुरू केल्या. पंधरा दिवसांनीं तिला हुशारी वाटूं लागली आणि आम्ही गोळ्यांचे गुण गाऊं लागलों. परंतु सौभाग्यवतीनें एक गोष्ट आमच्या ध्यानांत आणून दिली. त्याच पंधरवड्यांत शाळेला सुट्टी लागली होती, आणि पहांटेचें पाणी भरण्याचें काम धाकट्या सुनेनें आपल्याकडे घेतलें होतें. मग गुण आला तो कोणाचा? गोळीचा, सुट्टीचा, कीं जावेचा?

हाच पेंच शास्त्रज्ञांनाहि पडतो. त्यांची युक्ति अशी कीं, माणसांचे दोन गट करावयाचे. एकास खरी गोळी द्यावयाची, दुसऱ्यास दिसावयास तशीच परंतु निःसत्त्व गोळी द्यावयाची, आणि आपल्या वाट्याला कोणती आली हें घेणाऱ्यास कळूं द्यावयाचें नाहीं. बाकी सर्व परिस्थिति सारखी ठेवली म्हणजे जो फरक उरेल तो गोळीचा. १९४२ सालीं अमेरिकेंत अँसेल कीज व ऑस्टिन हेन्शेल यांनीं सैनिकांच्या बाबतींत हा प्रश्न तपासला. लष्करी शिधा पोटभर मिळणाऱ्या त्या जवानांना जादा जीवनसत्त्वें देऊनहि त्यांची श्रमशक्ति वाढली नाहीं, कीं थकवा कमी झाला नाहीं. भरल्या घागरींत पाणी ओतलें तर तें बाहेरच सांडावयाचें. ब-वर्गांतील बहुतेक जीवनसत्त्वांचा जादा भाग असाच लघवीवाटे निघून जातो.

परंतु घागर रिती असेल तर? याचें उत्तर आपल्या मुंबईनें दिलें आहे. १९२८ सालीं लूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईस आली. गिरणीकामगार वर्गांतील गरोदर स्त्रियांना होणाऱ्या तीव्र पंडुरोगाचा तिनें शोध घेतला, आणि यीस्टचा अर्क दिल्यानें त्यांचें रक्त सुधारतें असें १९३१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांतील गुणकारी घटक पुढें फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. उणें होतें तेंच मिळालें, म्हणून गुण आला.

आतां आपल्यासारख्या शाकाहारी घरांकडे वळूं. ब-१२ हें जीवनसत्त्व वनस्पतींत मिळत नाहीं. सूक्ष्म जंतु तें निर्माण करतात आणि आपल्याला तें मुख्यतः दूध, दही, ताक यांतून पोंचतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकीं शेंकडा ६७ जणांत ब-१२ कमी आढळलें. खेडें, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही ठिकाणचे ते लोक होते. आणि नवल हें कीं, मध्यमवर्गांत हें प्रमाण शेंकडा ८१ निघालें! पुण्यांतच तरुण शाकाहारी मंडळींना रोज दूध देऊन पाहिलें, तेव्हां त्यांच्या रक्तांतील ब-१२ वाढलें, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें.

हें वाचल्यावर आम्ही सूनबाईचें रक्त तपासून घेतलें. ब-१२ फारच उणें निघालें. डॉक्टरांनीं विचारलें, "दूध किती घेतां?" ती गप्प राहिली. त्या दिवशीं आम्ही प्रथमच घरच्या दुधाचा हिशेब मांडला. आमचा पेला ठरलेला, मुलग्यांचा ठरलेला, नातवंडांचा ठरलेला. सुनांच्या वाट्याला चहापुरतें. आयुष्यभर मुलांना गणित शिकवून घरांतला हा भागाकार आम्हांस दिसला नव्हता, याची लाज वाटली.

तात्पर्य, आधीं तपासणी, मग गोळी. थकव्याच्या मुळाशीं लोहाची उणीव, मधुमेह, थायरॉईडचा विकार किंवा नुसती अपुरी झोंपहि असूं शकते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या वडील मंडळींत ब-१२ घटूं शकतें. तेव्हां त्यांनीं डॉक्टरांस अवश्य विचारावें. ब-१२ उणें असतां केवळ फॉलिक आम्ल घेत राहणेंहि धोक्याचें; रक्त सुधारल्यासारखें दिसतें, पण मज्जातंतूंची हानि चालूच राहते. अ आणि ड हीं जीवनसत्त्वें तर शरीरांत सांठतात. तीं मनास येईल तशीं घेऊं नयेत.

सूनबाईला डॉक्टरांनीं ब-१२ दिलें आणि आतां तिच्या पानांत रोज दह्याची वाटी असते, शिवाय दुधाचा पेला वेगळाच. ती हिंडूंफिरूं लागली आहे. श्रेय औषधाचें, दुधाचें कीं विसाव्याचें, हें शास्त्रशुद्ध रीतीनें आम्हांस सांगतां यावयाचें नाहीं. त्यासाठीं पहांटेचें पाणी पुन्हां तिच्याकडे सोंपवून पाहावें लागेल. आणि तो प्रयोग करण्याचा आमचा विचार नाहीं.