सदाफुलीचा काढा आणि सदाफुलीचे औषध



परसात नाहीतर आडाच्या कठड्याजवळ सदाफुली नाही, असे घर आपल्याकडे विरळाच. पाणी घाला न घाला, बारा महिने फुलते. पाला इतका कडू की शेळीसुद्धा तोंड लावत नाही. या सदाफुलीपासून कर्करोगाचे औषध निघते, हे खरे आहे. काही वर्षांपूर्वी एका गावच्या शेतकरी मेळाव्यात मीच ते मोठ्या हौसेने सांगितले. पण सांगितले अर्धेच. राहिलेले अर्धे आज सांगतो.

हे झाड मूळचे मादागास्कर बेटावरचे. पुढे ते देशोदेशी गेले. जमैकात लोक त्याच्या पाल्याचा चहा मधुमेहावर घेत. ती पाने १९५२ साली कॅनडात डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे आली. प्रयोगातल्या उंदरांची साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. रक्ताच्या कर्करोगात याच पेशी बेसुमार वाढतात. शोधायला गेले एक, हाती लागले दुसरे! १९५८ साली नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्यातून व्हिन्ब्लास्टिन वेगळे काढले. पाठोपाठ अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिन मिळाले. एका पेशीच्या दोन होतात, ते ही द्रव्ये रोखतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टिन आजही देतात.

आता हिशेब पाहा. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनला सुमारे ५०० किलो वाळलेला पाला लागतो. व्हिन्क्रिस्टिन त्याहूनही कमी निघते. मोठ्या माणसाला त्याची एका वेळची मात्रा सहसा २ मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, आणि ते फक्त शिरेतून देतात. मग वाटीभर काढ्यात किती उतरले, कोण मोजणार? शिवाय पाल्यात शंभराहून अधिक इतर अल्कलॉइड आहेत. फवारणीचे औषधसुद्धा आपण अंदाजाने पंपात ओतत नाही.

त्या मेळाव्याला आलेल्या एका बागायतदाराच्या मानेवर पुढे गाठ आली. दुखत नव्हती. ‘साहेबांनी सांगितलंय’ म्हणून त्याने चार महिने सदाफुलीचा काढा घेतला. गाठी काखेत आल्या, रोज ताप येऊ लागला, तेव्हा घरच्यांनी शहरात नेले. लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला. शिरेतून औषधे सुरू झाली, त्यांत एक व्हिन्क्रिस्टिनच होते. मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको म्हणाली, “साहेब, हे तुमच्याच झाडाचं ना? मग आम्ही घरी दिलं ते काय होतं?” मला उत्तर देता आले नाही. वर्षभराने तो गेला. चार महिने आधी आला असता तर, असे डॉक्टर काही बोलले नाहीत. मीच मनाशी बोलत असतो.

आपल्या सह्याद्रीतही असे एक झाड आहे, नरक्या. फुलोऱ्याला दुर्गंध येतो. नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढले. पुढे तेच द्रव्य नरक्यात सापडले. ते तसेच देण्याजोगे नव्हते, फार विषारी. त्यात फेरफार करून केलेली औषधे अमेरिकेत मंजूर व्हायला १९९६ साल उजाडले. इकडे मात्र व्यापाऱ्यांसाठी झाडेच्या झाडे मुळासकट गेली. कोणी नरक्या मागायला आला तर आधी वनखात्याचा परवाना दाखव म्हणा. औषधी वनस्पतींची लागवड करायची तर खरेदीचा लेखी करार आधी, रोपे मागून.

तीन आठवड्यांत न उतरणारी गाठ, तोंडात न भरणारा व्रण, अंगावरून अवेळी जाणे, यांपैकी काही दिसले तर ग्रामीण रुग्णालय गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड घ्या. काढा चालू असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, ते रागावतील म्हणून लपवू नका.