तहानेचा हक्क

मुलांनो, एमआरटीने जाताना 'अल्जुनीद' हे स्टेशन तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. हे नाव एका अरब घराण्याचे आहे. १८१९ मध्ये इंग्रजांनी सिंगापूरला ठाणे वसवले आणि त्यानंतर थोड्याच काळात या घराण्यातले व्यापारी येथे आले. त्यांचे मूळ गाव येमेन देशातल्या हद्रमौत या कोरड्या प्रदेशात होते.

त्या काळी सिंगापुरात घरोघरी नळ नव्हते. पाणी बैलगाडीतून येई आणि ते विकत घ्यावे लागे. चायनाटाऊनच्या भागाला मलय भाषेत 'क्रेता आयर' म्हणतात. त्याचा अर्थच 'पाण्याची गाडी' असा आहे. अशा दिवसांत अल्जुनीद घराण्याने गावात सर्वांसाठी विहिरी बांधायला पैसे दिले. विहीर व्यापाऱ्याची, पण पाणी कोणीही प्यावे! त्यांना हे का सुचले? याचे उत्तर वाळवंटात सापडते, आणि थोडेसे आपल्या मराठवाड्यातही.

वाळवंट कसे होते?

सिंगापूर विषुववृत्ताजवळ आहे. येथली तापलेली, दमट हवा वर चढते, वर गेल्यावर थंड होते आणि तिच्यातले बाष्प पाऊस होऊन पडते. म्हणूनच आपल्या शाळेच्या दप्तरात बारा महिने छत्री असते. पाऊस देऊन कोरडी झालेली ही हवा वरच्या वर उत्तरेकडे व दक्षिणेकडे सरकते आणि विषुववृत्तापासून वीस-तीस अंशांवर पुन्हा खाली उतरते. खाली येताना ती तापते, त्यामुळे तेथे ढग बनत नाहीत. अरबस्तान नेमका या पट्ट्यात येतो. सौदी अरेबिया एवढा मोठा देश, पण बारमाही वाहणारी एकही नदी तेथे नाही. तेथे असतात 'वादी', म्हणजे कोरडी नदीपात्रे. क्वचित पाऊस पडला की त्यांना काही तास पूर येतो आणि मग पुन्हा वाळू.

आता नकाशा उघडा. महाराष्ट्रही जवळजवळ त्याच अक्षांशांवर आहे. मग आपल्याकडे वाळवंट का नाही? आपल्याला मोसमी वारे तारतात. पण हे वारे अरबी समुद्रावरून येतात आणि सह्याद्रीला अडून आपले बरेचसे पाणी कोकणात व घाटमाथ्यावर ओततात. डोंगरापलीकडे पोहोचेपर्यंत ढग हलके झालेले असतात. याला पर्जन्यछाया म्हणतात. सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला वर्षात पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. मराठवाड्याच्या वाट्यालाही बेताचाच पाऊस येतो, आणि तो चुकला की दुष्काळ.

पाण्याचे कायदे

जिथे पाणी मोजके असते, तिथे माणसे त्याचे नियम करतात. अरब देशांतला एक जुना नियम असा: विहीर ज्याने खणली त्याची, पण तहानलेल्या माणसाला किंवा जनावराला कोणी अडवायचे नाही. याला 'तहानेचा हक्क' म्हणत. शेताला पाणी देण्याचा हक्क त्याच्या नंतर येतो.

शहरांतून श्रीमंत लोक 'सबील' बांधत. सबील म्हणजे आपली पाणपोई! उन्हाळ्यात रस्त्याकडेला मांडव घालून ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण ठेवतात, ते तुम्ही सुट्टीत गावी पाहिले असेल. कैरो शहरात तर दुमजली सबिली आहेत. खाली वाटसरूंना पाणी आणि वर मुलांची शाळा. त्यांपैकी १७४४ साली बांधलेली अब्दुल रहमान कतखुदा यांची सबील आजही उभी आहे. तहान आणि अज्ञान, दोन्हींची सोय एकाच इमारतीत!

ओमान देशात डोंगराच्या पायथ्याशी विहीर खणून तिचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावापर्यंत आणतात. या कालव्याला 'फलज' म्हणतात. बोगद्याला अगदी थोडा उतार असतो. पाणी आपले आपण वाहते. मोट नको, पंप नको. वर उन्हात वाफ होऊन पाणी उडून जाते, तसे ते जमिनीखाली उडत नाही. गावात शिरल्यावर आधी पिण्याचे पाणी घ्यायचे, मग धुण्या-नाहण्याचे, आणि शेवटी उरलेले खजुराच्या बागांना. बागांच्या पाळ्या दिवसा काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजत. असे सुमारे तीन हजार फलज ओमानमध्ये आजही वाहतात. त्यांतल्या पाचांना २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिला.

खडकीची नहर

ही विद्या महाराष्ट्रातही आली. मलिक अंबर हे नाव इतिहासाच्या पुस्तकात तुमच्या आईबाबांनी वाचले असेल. तो मूळचा आफ्रिकेतल्या इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि अरब देशांतून फिरत दख्खनमध्ये पोहोचला. पुढे आपल्या कर्तबगारीने तो अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले होते.

१६१० मध्ये मलिक अंबरने खडकी या गावी राजधानी वसवली. हेच पुढे औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. नव्या शहराला पाणी कोठून आणायचे? मलिक अंबरने उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याला झिरपणारे पाणी जमिनीखालच्या नहरीत गोळा केले आणि उताराने शहरात आणून हौदांत सोडले. हीच 'नहर-ए-अंबरी'. तिच्यामागून शहरात आणखी नहरी झाल्या. वाटेत ठिकठिकाणी उंच दगडी मनोरे होते. त्यांतून नळातली हवा निघून जाई आणि पाण्याचा जोर आवरला जाई. पुढच्या काळातली पाणचक्की तर प्रसिद्धच आहे. डोंगरातून खापराच्या नळांनी आणलेले पाणी उंचावरून पात्यांवर पडते, जाते फिरते आणि धान्य दळले जाते. ते पीठ दर्ग्यात येणाऱ्या गोरगरिबांसाठी व वाटसरूंसाठी असे.

नहरीचा एक गुण नीट लक्षात घ्या. डोंगर जेवढे पाणी झिरपू देतो तेवढेच ती आणते. जास्त ओढून घेण्याची सोयच तिच्यात नाही. विंधन विहिरीवरच्या पंपाला मात्र अशी मर्यादा नसते. जमिनीखालचे पाणी संपेपर्यंत तो ओढत राहतो, आणि ज्याची बोअर खोल त्याला पाणी, शेजाऱ्याची विहीर कोरडी.

शहर वाढले तशी नहरींच्या वाटेवर घरे आणि रस्ते झाले. पुष्कळ नहरी फुटल्या, बुजल्या. शहराचे पाणी आता मुख्यतः पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून येते. धरण मोठे आहे, पण गेली कित्येक वर्षे तेथल्या अनेक वस्त्यांत नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी आले आहे. मराठवाड्यातल्याच लातूरला तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पाऊस कमी पडतो हे खरेच. पण पडलेले पाणी कोणाच्या उसाला गेले आणि कोणाच्या घागरीला उरले, हाही प्रश्न आहे.

हा प्रश्न पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी विचारला. ते व्यवसायाने इंजिनिअर. १९७२ चा दुष्काळ पाहून त्यांनी तेथे 'पाणी पंचायत' उभी केली. नियम साधे होते. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरायचा. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. आणि या पाण्यावर ऊस लावायचा नाही. ओमानची फलज आणि नायगावची पाळी, दोन्हींमागचा विचार एकच आहे.

आणि आपले सिंगापूर?

येथे पाऊस भरपूर, पण बेट लहान. पडलेले पाणी साठवायला जागा कमी. म्हणून पाऊस असूनही सिंगापूर पाण्याच्या बाबतीत गरीबच. १९६३-६४ मध्ये येथे जवळजवळ दहा महिने पाणी ठरावीक वेळीच मिळत होते. १९६२ च्या करारानुसार मलेशियातल्या जोहोरमधून रोज २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेता येते, पण हा करार २०६१ मध्ये संपेल. आज जी मुले आपल्या वर्गात आहेत, ती तेव्हा चाळिशीपुढे असतील. म्हणून सिंगापूरने आधीच तयारी केली आहे. बेटाच्या दोन तृतीयांश भागावरचे पावसाचे पाणी तलावांत जाते. वापरलेले पाणी शुद्ध करून २००३ पासून 'न्यूवॉटर' म्हणून पुन्हा वापरतात. २००५ पासून समुद्राचे पाणीही गोडे करतात. आखाती अरब देशांत आज पिण्याचे बहुतेक पाणी असेच मिळते. मात्र त्याला वीज फार लागते, म्हणून ते स्वस्त नाही.

हे करून पाहा

१. नहर, हौद, सुरई, सरबत हे चारही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले आहेत. पाण्याचे आणखी मराठी शब्द शोधा: पाट, मोट, पखाल, बारव, आड. प्रत्येकाचा अर्थ आजीआजोबांना फोन करून विचारा.

२. सिंगापुरात एक माणूस घरी दिवसाला सुमारे १४० लिटर पाणी वापरतो. आपल्या घरात आंघोळीला बादली वापरून किती लिटर लागते ते मोजा, आणि दुसऱ्या दिवशी शॉवरखाली बादली ठेवून पाच मिनिटांत किती पाणी येते ते मोजा.

३. गावी नळाला किती दिवसांनी पाणी येते आणि टँकर आला तर रांगेत कोण उभे राहते, हे विचारा. उत्तरे लिहून वर्गात आणा. पुढच्या अंकात आपण ती छापू.