बहावा बियाण्याचा, चाफा फांदीचा

मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांकडे सरकतो, जवळच्या असोद्याच्या शिवारात काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि नेमका त्याच दिवसांत बहावा पिवळ्या घोसांनी लगडतो. असं झाड दारात हवं, तर रोप विकत आणायची गरज नाही. बी घरी रुजतं. मात्र शेंगेतून काढलेलं बी तसंच पेरलं, तर बहुतेक दाणे महिनोन्‌महिने हलत नाहीत. मग बी वांझ ठरवून कुंडी रिकामी केली जाते. बी जिवंतच असतं, त्याला पाणी पोचलेलं नसतं.

बहाव्याची हातभर लांब, काळपट शेंग फोडून बघा. आत आडव्या पडद्यांचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात चिकट काळा गर आणि एकेक चपटं, चकचकीत तपकिरी बी. त्याच्या सालीत उभ्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट भिडलेल्या असतात की पाणी आत शिरत नाही. रानात माकडं, कोल्हे, अस्वलं गोड गरासाठी शेंगा खातात आणि त्यांच्या पोटातून जाताना साल झिजते. घरी हेच काम सँडपेपर करतो. बीच्या ज्या टोकाशी बारीक ठिपका दिसतो तिथून मूळ निघतं. ते टोक सोडून दुसरी बाजू घासायची आणि आतला फिका भाग दिसताच थांबायचं. रात्रभर पाण्यात ठेवलं की सकाळी फरक डोळ्यांना दिसतो. पाणी प्यायलेलं बी टपोरं होतं, कोरडं राहिलेलं होतं तेवढंच राहतं. ते पुन्हा घासावं.

ही कडक साल बीची शिदोरी किती काळ जपते? 1940 साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमवर बॉम्ब पडले. आग विझवताना तिथला वनस्पतिसंग्रह भिजला आणि 1793 मध्ये चीनमध्ये गोळा केलेल्या, शिरीषाच्या जातकुळीतल्या झाडाच्या बिया उगवून आल्या. 147 वर्षं त्या कोरड्या पडून होत्या! याउलट कडुनिंबाची निंबोळी काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावते. ती पडली की लगेच पेरावी.

चाफ्याची गोष्ट वेगळी. आपल्याकडे त्याला शेंगा क्वचितच धरतात, म्हणून फांदी लावायची. फाल्गुन-चैत्रात, झाड निष्पर्ण असताना अंगठ्याएवढी जाड, फूटभर लांब फांदी कापावी. चीक गळून जाऊ द्यावा आणि फांदी आठवडाभर सावलीत ठेवावी. इथेच लोक घाई करतात. ओली जखम काळ्या मातीत गेली की कुजते, कारण ही माती पाणी धरून ठेवते आणि हवा अडवते. कुंडीत निम्मी तरी जाड वाळू हवी आणि पानं फुटेपर्यंत पाणी बेताचंच.

काडीला मुळं कुठून येतात? शेंड्याकडच्या कोवळ्या भागात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि पेशीपेशीतून खाली सरकतं. 1928 मध्ये फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबांवर प्रयोग करून ते वेगळं दाखवलं. कापलेल्या टोकाशी त्याची वाट संपते, तिथे ते साठतं आणि सालीखालच्या पेशी पुन्हा विभागू लागून मुळं घडवतात. दुकानात मिळणाऱ्या मुळं फुटण्याच्या पावडरीत याच कुळातलं रसायन असतं. फांदीची दिशा पेशींना ठाऊक असते, म्हणून वरखालीची खूण कापतानाच करून ठेवावी.

फांदीचं झाड मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असतं, फूलही लवकर देतं. पण त्याला सोटमूळ नसतं. चाफ्याचं त्यावाचून अडत नाही, त्याच्या मांसल खोडातच पाणी साठलेलं असतं. बहाव्याला मात्र इथल्या उन्हाळ्यात खोल जाणारं मूळच तारतं. म्हणून खानदेशात मोठं झाड लावताना फुलाआधी मुळाचा विचार करावा, असं मला ठामपणे वाटतं.

असोद्याच्या शेतकऱ्याला भरताच्या वांग्याचं रोप वाफ्यातून उपटून लावायची सवय आहे, ते तगतंही. बहाव्याचं रोप तसं उपटू नये. पिशवीत वर्ष-दोन वर्षं राहिलं की सोटमूळ तळाशी गोल फिरतं आणि जमिनीत गेल्यावरही त्याचा वेढा सुटत नाही. सगळ्यात बरं म्हणजे मृग लागल्यावर, चांगला पाऊस झाला की दोन-तीन फुगलेले दाणे थेट कायमच्या खड्ड्यात टाकावेत, जोमदार तेवढं एक रोप ठेवावं आणि पहिले दोन उन्हाळे त्याला बुडाशी आच्छादन घालून पाणी द्यावं.