नियम पुढे गेला, राखण कुठे गेली?

ज्याचे हातपाय चालत नाहीत, त्याला दुसऱ्याच्या हातावर जगावे लागते. कुणी उठवून बसवावे, कुणी न्हाऊ घालावे, कुणी घास भरवावा. घरचे माणूस असले तर ते करते. नसले तर पगारी माणूस ठेवावा लागतो. तो चांगला निघाला तर बरं. वाईट निघाला तर? त्यासाठी कायद्याची राखण लागते.

ऑस्ट्रेलिया देशात अशी राखण उभी केली, आणि साथीच्या दिवसांत ती एका राज्यात पुढे ढकलली. असे करणे बरे की वाईट? आपण नीट पाहू या.

2013 साली त्या देशाने अपंगांसाठी राष्ट्रीय विमा योजनेचा कायदा केला. पैसे सरकार देते. त्या पैशातून अपंग माणसाला संस्थांकडून मदत मिळते. या संस्थांवर नजर ठेवायला पुढे एक आयोग नेमला. 1 जुलै 2018 ला न्यू साउथ वेल्स आणि साउथ ऑस्ट्रेलिया या राज्यांत त्याचे काम सुरू झाले. 1 जुलै 2019 पासून ते इतर भागांतही पोचले. एकटे वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्य मागे राहिले. तिथे आयोग 1 जुलै 2020 ला यायचा होता.

आयोगाचे नियम तरी काय? एखादा अपंग माणूस दगावला, त्याला जबर इजा झाली, कुणी मारहाण केली किंवा हेळसांड केली, तर नोंदणी झालेल्या संस्थेने 24 तासांत आयोगाला कळवायचे. नुसता संशय आला तरी कळवायचे. माणसाला कोंडून ठेवणे, बांधून ठेवणे, गप्प बसावा म्हणून औषध देणे, यांवर कडक बंधन.

आणि मग आली करोनाची साथ. 11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने ती जगभरची साथ असल्याचे जाहीर केले. 5 एप्रिलला वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने आपल्या सीमा बंद केल्या. संस्थांपुढे मोठी अडचण उभी राहिली. हाताखालची माणसे घरात अडकली, तर रोजची आंघोळ आणि जेवण कोण घालणार? अशा वेळी नवी नोंदणी, नवे कागद, नवे शिक्षण कसे जमावे? म्हणून सरकारने तारीख पाच महिने पुढे नेली. नवी तारीख ठरली 1 डिसेंबर 2020.

यात चुकले काय? कागद भरण्यापेक्षा घास भरवणे मोठे, हे कुणीही कबूल करील. पण दुसरी बाजूही आहे. साथीत दारे बंद होतात. नातेवाईक येत नाहीत, शेजारी डोकावत नाहीत. आत काय चालले आहे हे कुणाला दिसत नाही. म्हणजे राखणीची गरज वाढते, नेमकी त्याच वेळी राखण पुढे जाते.

आता कुणी म्हणेल, नियम वेळेवर आला म्हणजे झालं! तसेही नाही. साउथ ऑस्ट्रेलियात आयोग 2018 पासूनच होता. तरी तिथल्या अॅडलेड शहरात 6 एप्रिल 2020 ला 54 वर्षांची एक अपंग बाई दगावली. करोनाने नव्हे, हेळसांडीने. तिला खुर्चीतच बसवून ठेवले होते. अंगाला खोल जखमा पडल्या होत्या. तिच्याकडे पाहणारी पगारी बाई एकच होती. 2022 साली त्या बाईला तुरुंगवास झाला. चौकशी करणाऱ्या निवृत्त न्यायाधीशांनी सांगितले, अशा असहाय माणसाला त्याच्या घरी एकाच माणसाच्या हाती सोडू नये.

म्हणजे नुसता नियम पुरत नाही. कुणाची तरी नजर पोचावी लागते.

मग नियम पुढे ढकलूच नये का? ढकलावा, पण शेताच्या राखणीसारखा. नवा राखणदार येईतो जुना माळ्यावरून उतरत नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात राज्याची जुनी व्यवस्था 30 नोव्हेंबरपर्यंत चालू ठेवली होती, आणि 1 डिसेंबरला ठरल्याप्रमाणे आयोग आला. हे बरे झाले.

तेव्हा कुठेही असा नियम पुढे गेला, की आपण तीन गोष्टी विचाराव्यात. नवी तारीख ठरली आहे का? तोवर तक्रार कुणी ऐकायची? आणि बंद दारामागे, खाटेवरच्या माणसाला भेटायला कोण जाणार?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळतात. तिसऱ्याला मात्र उठून जावे लागते.