ऐकत ऐकत वणी पाहावी

ज्या नगरांच्या वाट्याला गड, राजवाडे वा लेणी आली नाहीत, त्यांचा इतिहास सरकारी दप्तरांत आणि वृद्धांच्या स्मरणात विखुरलेला असतो. आणि अशा इतिहासाला जागच्या जागी वाचा देणारे अल्पखर्चाचे साधन म्हणून ध्वनिफेरीचा, म्हणजे ऑडिओ टूरचा, विचार यवतमाळ जिल्ह्यातील वणी गावच्या रहिवाशांनी अगत्याने करावा असे मला वाटते.

1952 मध्ये ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने लघुलहरी नभोवाणीद्वारे प्रेक्षकांच्या कानी व्याख्यान पोचवले, तेव्हा सर्वांना एकाच वेळी एकाच चित्रापुढे उभे राहावे लागे. मोबाइलने ते बंधन तोडले. निवेदन आधीच मोबाइलवर उतरवून घ्यावे, त्याने उपग्रहांच्या संकेतांवरून आपले स्थान ओळखावे, आणि नेमक्या वळणावर त्या वळणाची हकिकत आपोआप सुरू व्हावी, अशी ही योजना आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मराठी निवेदन ऐकत दालने पाहता येतात. मग निर्गुडा नदीकाठच्या वणीच्या पेठेने मुके का राहावे?

सांगण्याजोगे येथे थोडे नाही. 1853 च्या तहाने निजामाचा वऱ्हाड मुलूख कंपनी सरकारच्या अंमलाखाली गेला, त्यानंतर आजच्या यवतमाळ जिल्ह्याला वणीचेच नाव मिळाले आणि ते 1905 पर्यंत चालले. 29 ऑगस्ट 1880 रोजी याच गावी जन्मलेले माधव श्रीहरी अणे, ज्यांना लोकांनी प्रेमाने लोकनायक म्हटले, त्यांनी 1930 मध्ये पुसदला राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला आणि स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपालपद भूषविले. रंगनाथस्वामींचे मंदिर, कापसाची जिनिंगे आणि भोवतालच्या कोळशाच्या खाणी यांनी या वस्तीला जे रूप दिले, तेही चालता चालताच उमजते.

मात्र कानासाठी लिहिणे हे निराळे शास्त्र आहे. एका थांब्यावर दोन-तीन मिनिटांहून अधिक बोलू नये, सनावळ्यांचा भार घालू नये, दिशा सांगताना समोर दिसणाऱ्या खुणाच सांगाव्या, आणि रहदारीच्या रस्त्यावर एक कान मोकळा ठेवण्याची सूचना आरंभीच द्यावी. निवेदन शहरी निवेदकाच्या घोटीव स्वरात नको. जिनिंगमध्ये आयुष्य घालविलेल्या कामगाराने ते आपल्या वऱ्हाडीत करावे, आणि परिसरातील गोंडी व कोलामी बोलणाऱ्यांनाही त्यात मानाचे स्थान असावे.

म्हणून नगरपरिषदेने मार्ग ठरवून द्यावा, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी वृद्धांच्या संमतीने त्यांचे कथन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, आणि या कामाचा आरंभ येत्या सुटीतच व्हावा, अशी माझी समस्त वणीकरांना कळकळीची विनंती आहे.