घडीचा चाकू आणि अंगठ्याची वाट

नवा, भारी किमतीचा घडीचा चाकू हातात आला की पहिली तक्रार ठरलेली असते: उघडतच नाही. पात्यावरच्या खुंटीवर अंगठा टेकवून जोर लावावा, तर पातं जागचं हलत नाही; आणखी जोर लावावा, तर एकदम सुटतं आणि छातीत धस्स होतं. पालघरजवळच्या माहीम-केळव्याच्या पट्ट्यात असे चाकू बहुधा भेट म्हणून येतात. परदेशी असलेला भाचा किंवा पुतण्या सुट्टीवर येताना मामासाठी, काकांसाठी घेऊन येतो. वाडीत केळीचं पान, सुतळी, ठिबकची नळी कापायला उपयोगी पडेल, हा हिशेब. आणि मग दोन दिवसांत घरातलं कुणीतरी सांध्याचा स्क्रू सैल करायला पाना शोधू लागतं.

तो स्क्रू सैल करू नये, हे सांगण्यासाठीच मुख्यतः हा लेख आहे. नव्या चाकूचा घट्टपणा हा बिघाड नव्हे. त्याची तीन वेगवेगळी कारणं असतात. एक दिवसागणिक आपोआप कमी होतं, दुसरं कमी होऊच नये असं असतं, आणि तिसरं चाकूत नसून आपल्या बोटांत असतं.

पहिलं कारण सांध्यात आहे. पात्याच्या मागच्या टोकाला भोक, त्यातून जाणारी खीळ, आणि पातं व मूठ यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक पातळ चकती, एवढीच सांध्याची रचना. चांगल्या चाकूंत ही चकती बऱ्याचदा फॉस्फर ब्राँझची असते आणि सगळं इतकं जवळ बसवलेलं असतं की पातं डाव्या-उजव्या बाजूला केसभरही हलत नाही. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत फिटर म्हणून किंवा लेथवर ज्यांनी वर्षं काढली, त्यांना पुढचं सांगायला नको. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या धातूवरही हत्याराचे बारीक ओरखडे आणि उंचवटे राहिलेले असतात. पातं पोलादाचं, चकती त्याहून मऊ. पातं फिरत राहिलं की चकतीवरचे उंचवटे झिजतात, तिचा पृष्ठभाग चकचकीत होतो, तेलाचा पातळ थर सगळीकडे सारखा पसरतो, आणि सांधा बसतो. काही चाकूंत चकतीऐवजी बारीक गोळ्यांचं बेअरिंग असतं. ते पहिल्या दिवसापासून मोकळे फिरतात, पण बारीक रेती आत गेली की आधी तेच कुरकुरू लागतात. समुद्राकाठच्या वाडीसाठी मला चकतीचा सांधाच भरवशाचा वाटतो.

दुसरं कारण समजण्यासाठी चाकूचं कुलूप कसं चालतं ते पाहावं लागेल. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने मुठीच्या आत धातूची एक लवचीक पट्टी बसवली. पातं पूर्ण उघडलं की ही पट्टी स्वतःच सरकून पात्याच्या बुडामागे उभी राहते आणि पट्टी बाजूला सारल्याशिवाय पातं मिटत नाही. पुढे क्रिस रीव्ह यांनी ही वेगळी पट्टीच काढून टाकली. रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, टूल-अँड-डायच्या कामात तयार झालेले, १९८९ मध्ये अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या बॉइझी शहरात स्थायिक झालेले. त्यांनी टायटॅनियमच्या मुठीची एक बाजूच चिरली आणि त्या चिरलेल्या भागालाच स्प्रिंग केलं. त्यांचा ‘सेबेंझा’ हा चाकू आज चारशे डॉलरच्या पुढे, म्हणजे तीस हजार रुपयांच्याही वर जातो. नवा असताना तो कडक लागतो आणि वापरता वापरता रेशमासारखा होतो, अशी त्याची ख्यातीच आहे. ही रचना आता जगभरच्या असंख्य चाकूंत दिसते. भेट आलेल्या चाकूच्या मुठीत एका बाजूला लांब चीर दिसली, तर ती हीच.

या स्प्रिंगच्या आतल्या अंगाला मोहरीएवढी एक कडक गोळी बसवलेली असते. चाकू मिटला की ती पात्यातल्या बारीकशा खळग्यात जाऊन बसते, म्हणून चाकू खिशात आपोआप उघडत नाही. उघडताना अंगठ्याला पहिला विरोध होतो तो या गोळीचा. तो कितीही दिवस वापरलं तरी राहतो आणि राहायलाच हवा. ज्या चाकूत तो उरलेला नाही, तो खिशात ठेवू नये.

आता तिसरं कारण, ज्याच्यावर सगळ्यात जास्त लोक अडतात. उजव्या हातात चाकू धरला की अंगठा एका बाजूला राहतो आणि चार बोटांची टोकं दुसऱ्या बाजूला जाऊन टेकतात. ती नेमकी कुठे टेकतात? त्या चिरलेल्या स्प्रिंगवर. बोटांनी स्प्रिंग आत दाबली की गोळी खळग्यात आणखी रुतते. चाकू उघडत नाही म्हणून माणूस मूठ आणखी आवळतो, त्याने गोळी आणखी रुतते, आणि चाकू खराब आहे असा निकाल लागतो. उपाय साधा आहे. चाकू उलटा करून स्प्रिंग कुठून कुठपर्यंत आहे ते एकदा नीट पाहून घ्यायचं आणि बोटं तिच्यावरून काढून मुठीच्या पक्क्या भागावर किंवा खिशाला अडकवायच्या क्लिपवर टेकवायची. एवढ्यानेच अर्धा घट्टपणा गेलेला अनेकांच्या अनुभवाला येतो. डावखुऱ्यांच्या बाबतीत स्प्रिंग अंगठ्याच्या बाजूला येते. त्यांनी शक्य असेल तर डावखुऱ्यांसाठी केलेला चाकूच घ्यावा.

मग अंगठा. खुंटी आत दाबायची नसते, पुढे लोटायची असते. आत दाबली की पातं पलीकडच्या चकतीवर घासतं आणि घट्ट होतं. अंगठ्याची वाट सरळ नसते, कमानीसारखी असते, कारण खुंटी खिळीभोवती फिरते. अंगठा सरळ रेघेत गेला की अर्ध्या वाटेवर खुंटीवरून निसटतो. म्हणून सुरुवातीला मुद्दाम सावकाश उघडावं: गोळी सुटल्याचं जाणवेपर्यंत हळूहळू दाब, सुटली की दाब कमी, आणि मग कमानीने शेवटपर्यंत. शेवटी ‘टक’ असा आवाज येईपर्यंत थांबायचं नाही. अर्धवट उघडलेल्या पात्यामागे कुलूप लागलेलं नसतं, आणि ते बोटांवर मिटतं. मनगटाला झटका देऊन उघडणं सिनेमात दिसतं. शिकताना त्याचा काही उपयोग नाही आणि सांध्यालाही ते मानवत नाही. खुंटीऐवजी पात्यात गोल भोक असेल, तर ती ‘स्पायडर्को’ने १९८१ मध्ये आणलेली सोय. तिथे अंगठ्याची गादी भोकात धरली जाते आणि नवख्या हाताला ते सोपं जातं.

मिटवणं उघडण्याहून जपून शिकायला हवं, कारण बोट कापतं ते बहुतेकदा मिटवताना. स्प्रिंग बाजूला सारणारा अंगठा क्षणभर पात्याच्या वाटेतच असतो. स्प्रिंग सारायची, दुसऱ्या हाताने पातं मागून धरून थोडंसंच खाली आणायचं, अंगठा वाटेतून पूर्ण काढायचा आणि मगच मिटवायचं. एका हाताने मिटवण्याची घाई पहिल्या आठवड्यात तरी करू नये. सरावाआधी धारेवर चिकटपट्टीचा एक पदर चढवावा, टेबलाशी बसावं, आणि लहान मुलं जवळ नसावीत. हात थकला की थांबावं.

सराव चालू असताना सांध्यातून काळपट तेल बाहेर येईल. ती झिजलेल्या धातूची बारीक पूड असते. पुसून घ्यावं आणि तेलाचा एक थेंब, खरोखर एकच, सांध्याला द्यावा. लवकर मोकळं व्हावं म्हणून टूथपेस्ट किंवा व्हॉल्व्ह घासायची पेस्ट सांध्यात घालणारे लोक आहेत. त्याने चकती झिजते ती झिजतच राहते. स्क्रू सैल केल्यानेही चाकू ताबडतोब मोकळा होतो खरा, पण मग पातं डुलू लागतं, मिटताना मुठीला एका बाजूने घासतं, आणि कुलूप ज्या जागी लागायचं त्या जागी लागत नाही.

माहीमच्या घरांना हे वेगळ्या शब्दांत केव्हाच माहीत आहे. नारळ, केळी, पानवेली आणि पोफळीची ही वाडी. सुपारी आली तिथे अडकित्ता आला. अडकित्ताही दोन हात आणि एक खीळ यांचंच हत्यार. खीळ घट्ट असेल तर हात भरून येतो, सैल झाली तर पातं बाजूला सरकतं आणि सुपारी कातरली न जाता चुरडली जाते. जुनी माणसं अडकित्त्याची खीळ हातोडीने हलकेच ठोकून घेत, पण नव्या अडकित्त्याची खीळ सैल करून घेतलेली ऐकिवात नाही; तो वापरानेच सुटा व्हायचा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहताना लोक नक्षीकडे पाहतात. मी तिथल्या खिळींकडेही पाहावं असं सुचवेन. कच्छमधलं अंजार तर सुडी, म्हणजे अडकित्ता, आणि चप्पू, म्हणजे चाकू, या दोन्हींसाठी एकत्रच ओळखलं जातं, आणि त्यात काही आश्चर्य नाही. खिळीवर पातं नीट फिरवता येणं हा दोन्हींतला एकच हुन्नर आहे.

आपल्या जिल्ह्यात घडीच्या चाकूचं खरं घर मात्र कलमांच्या कामात आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो चिकू बियांपासून नव्हे, कलमांपासून वाढवतात. खिरणीच्या रोपाच्या आणि चिकूच्या फांदीच्या सालीचा लाकडासह पातळ तुकडा काढून दोन्ही जखमा एकमेकींना भिडवून बांधायच्या, ही भेट कलमाची पद्धत. दोन्ही काप सपाट नसतील तर मध्ये फट राहते आणि कलम धरत नाही. म्हणून कलमाच्या चाकूला बऱ्याचदा एकाच बाजूने धार असते, दुसरी बाजू पूर्ण सपाट. जर्मनीतल्या ‘टिना’सारख्या जुन्या कंपन्यांचे असे चाकू साध्या लाकडी मुठीचे असतात आणि महाग असतात. त्यांना अंगठ्याची खुंटी नसते, पात्यावर नखासाठी एक खाच असते. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताच्या नखाने पातं ओढायचं. मुठीच्या पाठीतली, पातं धरून ठेवणारी स्प्रिंग नवी असताना इतकी कडक असते की नख दुखतं. इथे ओढण्याची युक्ती अशी की नुसतं नख वापरायचं नाही. नख खाचेत आणि बोटाचं पेर पात्याच्या सपाट अंगावर, अशी चिमटीच धरायची, म्हणजे जोर नखावर येत नाही.

चिकूचा चीक हा या चाकूंचा वैरी. कच्च्या फळातून, सालीतून निघणारा पांढरा चीक सांध्यात वाळला की नवा चाकूही जुन्यासारखा अडतो. फणस चिरताना घरातल्या बायका आधी विळीला आणि हाताला तेल लावतात, तेच इथे करावं: काम सुरू करण्याआधी पात्यावर तेलाचा हात. पण सांध्यात खोबरेल घालू नये. ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होऊन बसतं. शिलाई मशीनचं तेल चालतं. फळं चिरायचा चाकू असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन उत्तम.

बाळगण्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ‘रामपुरी’मुळे घडीचा चाकू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातला गुंड येतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरने २०२३ मध्ये आपल्या चाकूचं भलंमोठं शिल्पच चौकात उभारलं; तिथल्या कारागिरांना तो अभिमान शोभतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात, मात्र घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. वाडीतला तीन-साडेतीन इंची चाकू या मापापासून फार दूर आहे. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली मनाई आदेश लागू असताना तो घरीच ठेवावा, विमानात हातातल्या सामानात नेऊ नये, आणि डहाणू लोकलमध्ये सीटवर बसून उघडझाप करू नये. शेजारच्या प्रवाशाला तुमचा सराव कळत नाही, पातं दिसतं.

शेवटचा विषय पावसाळ्याचा. फ्रान्समधले ‘ओपिनेल’ चाकू १८९० पासून बीचच्या लाकडाच्या मुठीत बनतात. तिथल्या ओल्या हवेतही लाकूड फुगतं आणि पातं मुठीत आवळून बसतं. सव्हॉय प्रांतातले शेतकरी अशा वेळी मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकतात, म्हणजे पातं नखात धरण्याइतकं बाहेर येतं. माहीमच्या जून-सप्टेंबरात लाकडी मुठीचा कोणताही चाकू असाच वागेल. तो बिघडलेला नसतो आणि दिवाळीपर्यंत पूर्ववत होतो. पातं अडवणारी फिरती कुलूपकडी असेल तर ठोकण्याआधी ती उघडलेली आहे ना, ते पाहावं. टायटॅनियमची मूठ फुगत नाही, पण खाऱ्या हवेत खिळीजवळचं पोलाद गंजतं, आणि तिथला गंज दिसायच्या आधी हाताला कळतो: कालपर्यंत मोकळं फिरणारं पातं एका ठरावीक जागी खरखरतं. तसं झालं की चाकू गोड्या पाण्याने धुवावा, कापडाने टिपून पूर्ण वाळवावा आणि मग तेल द्यावं. चामड्याच्या म्यानात मात्र तो पावसाळाभर ठेवू नये. चामडं ओल धरून ठेवतं. सुती फडक्यात गुंडाळून, वारा लागेल अशा फळीवर ठेवलेला बरा.