जीप तिरकी का चालते?

गगनबावड्याच्या रस्त्याला एखादी जुनी जीप खेकड्यासारखी तिरकी चाललेली आपण पाहिली असेल. ड्रायव्हर स्टिअरिंग एका अंगाला धरून दमतो आणि खापर फोडतो पुढच्या चाकांवर. खोड मात्र पुष्कळदा मागच्या आसात असते.

हा आस कमानपाट्यांना यू-बोल्टांनी आवळलेला असतो. पाट्यांमधला सेंटर बोल्ट त्याला जागचा हलू देत नाही. खड्ड्यांत आपटून यू-बोल्ट ढिले पडले, की सेंटर बोल्टावर ताण येऊन तो तुटतो आणि आस सरकतो.

परीक्षा सोपी आहे. सपाट जमिनीवर, पुढची चाके सरळ ठेवून गाडी उभी करा. प्रत्येक चाकाच्या मध्यापाशी ओळंबा धरून खाली खूण करा. सीजे-३बी जीपला पुढच्या व मागच्या खुणांतले अंतर दोन्ही बाजूंना ८० इंच भरले पाहिजे. एखाद्या सुताचा फरक मोजण्यातला समजा. त्याहून अधिक असेल, तर आस तिरका झाला. बाजू सारख्या पण कर्ण असमान, तर तो आडवा सरकला. गुरुजी, आयताचा याहून चांगला धडा कुठला?

आधी बोल्ट पाहा. ते धड असतील, तर चासी वाकली आहे का, हे तपासून घ्या. तोवर गाडी घाटात मुळीच घालू नका. आस आणखी सरकला, तर ब्रेकची नळी ताणून तुटू शकते.